कॅलिपर गळतोय? मोठे ब्रेक नंतर बघू

भावा, घरी गाडी बांधतोयस, जोरात काम आहे! पण कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) गळतोय म्हणतोस, तर मोठा कॅलिपर बसवायचा विचार आत्ता नको. आधी गळती कुठून होतेय ते शोध. सगळं पुसून कोरडं कर, कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांग आणि नीट बघ. होजच्या (कॅलिपरला ब्रेक ऑइल आणणारी रबरी नळी) बोल्टपाशी ओल दिसली तर बहुतेक वेळा तांब्याचे वॉशर नवे टाकून भागतं. कॅलिपरमधल्या पिस्टनभोवती (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा भाग) ओल असेल तर सील किट, म्हणजे नव्या रबरी सीलचा संच, लागेल. पिस्टनला गंजाचे खड्डे असले तर तोही नवाच घे.

नवीन माणसं हमखास इथे चुकतात:

- सील पेट्रोल-डिझेलने धुणं. रबर फुगतं. ब्रेक ऑइलच वापर.
- कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवणं. तारेने वर बांध.
- डावा-उजवा अदलाबदल. ब्लीडर निपल (आत अडकलेली हवा काढायचा छोटा स्क्रू) वरच्या बाजूलाच असायला पाहिजे, नाहीतर हवा निघतच नाही.

ऑइल सीलबंद डब्यातलं घे. ते हवेतला ओलावा ओढतं आणि मग कमी तापमानाला उकळतं. सोलापूरच्या उन्हात ही हयगय अजिबात नको.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, होटगी रोडवर नाही. दुरुस्तीनंतरही पेडल खाली जात असेल तर गाडी हलवू नकोस, आधी मला सांग.