सांगलीत रुळायचंय? आधी 'गंमत' ओळख

नोकरीसाठी सांगलीत आलायस, मराठी शिकतोयस, तर 'गंमत' म्हणजे नुसती मजा असं धरून बसू नकोस. 'लई गंमत आली' इथपर्यंत ठीक. पण हळदीच्या सौद्यात कुणी 'गंमत म्हणजे...' असं सुरू केलं की लगेच दात काढू नकोस; पुढे बहुतेक एखादी अनपेक्षित गोष्टच येते, कधी तोट्याचीसुद्धा! 'अरे, गंमत केली' म्हणजे चेष्टा, मनावर घेऊ नको. 'थांब, तुला गंमत दाखवतो' हे रागानं म्हटलं, तर मात्र सरळ धमकी. आयर्विन पुलावर कुणाची गाडी बंद पडली आणि 'गंमत काय बघतोयस?' असं कानावर आलं, तर मुकाट्यानं ढकलायला हात लाव. आणि 'तुझी पण गंमतच आहे' हे कौतुक नव्हे बरं का.

लिहिताना 'गंमत', पण 'गमतीनं', 'गमतीचा'. अनुस्वार जातो, 'किंमत-किमतीला' तसाच. पूर्व विदर्भात 'खडी गंमत' हा लोकनाट्याचा प्रकार आहे, तो वेगळा विषय.

स्वतः गंमत करायची तर सध्या बरोबरीच्या पोरांचीच कर. साहेबांची नको.