बेसमेंटची भिंत: माठ की स्टीलचा पेला?

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला मागच्या ऑक्टोबरात घर घेतलं. हिवाळाभर आणि एप्रिलच्या पावसातसुद्धा बेसमेंट कोरडं होतं, पण जून लागल्यापासून कुबट वास येतोय, भिंतीला हात लावला की ओला होतो आणि गणपतीच्या मखराचे खोके उचलले तर खालून बुरशी! बाबा साताऱ्याहून आलेत, ते म्हणतात खिडक्या उघडा, वारा खेळू दे, म्हणून रोज उघडतोय तर उलट वाढतंय असं वाटतं. वॉटरप्रूफिंगवाला येऊन गेला, फरशी कडेने खणून आतून ड्रेन टाकायचं 8 हजार डॉलरचं कोटेशन दिलंय. सही करू का?

उत्तर: सही करू नका, निदान दोन दिवस थांबा. आधी पाणी येतंय कुठून ते बघू. माठ बाहेरून ओला होतो तेव्हा पाणी आतून झिरपलेलं असतं, पण गार पाण्याच्या स्टीलच्या पेल्यावर थेंब जमतात ते हवेतलं पाणी असतं, पेल्यातून काही गळत नाही. तुमची भिंत माठ आहे की पेला एवढंच शोधायचंय.

किचनमधली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, फूटभर चौकोन कापा, भिंत कोरडी पुसून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा, एक तुकडा फरशीवरही लावा. दोन दिवसांनी खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पेला, फॉइल सोडवल्यावर मागची बाजू ओली निघाली तर माठ. कधी दोन्ही असतं. एप्रिलच्या पावसात कोरडं होतं म्हणताय म्हणून मला तरी पेलाच वाटतोय.

बाबांना सांगा की साताऱ्याच्या घरात त्यांचं बरोबरच आहे, पण इथे बेसमेंटच्या भिंतीमागची माती जून-जुलैतही गार असते. बाहेर 86 फॅरनहाइट म्हणजे 30 सेल्सिअस आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर ती हवा साधारण 75 फॅरनहाइटच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सोडते, आणि तुमची भिंत 65 च्या आसपास असेल. म्हणजे खिडकी उघडली की तुम्ही पाणीच आत घेताय. उन्हाळाभर बेसमेंटच्या खिडक्या बंद ठेवा, कपड्यांच्या ड्रायरची नळी घराबाहेरच सोडलीय ना तेही बघा, ती निसटलेली असेल तर सगळी वाफ खालीच कोंडते.

मग डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं मशीन. सोबत आर्द्रता मोजायचं छोटं मीटर घ्या, 10-15 डॉलरला मिळतं, 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा, 60 च्या वर जाऊ देऊ नका. आणि मशीनचं पाणी बादलीत नको, पाइप लावून फ्लोअर ड्रेनमधे किंवा संप पंपाच्या (बेसमेंटमधलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या) खड्ड्यात सोडा. आम्ही पहिल्या वर्षी बादलीवर ठेवलं आणि तीन आठवडे भारतात गेलो, बादली भरली की मशीन आपोआप बंद पडतं, परत आलो तर आईने शिवून दिलेल्या गोधडीवर हिरवट-काळे डाग, धुवूनही गेले नाहीत. अजून वाईट वाटतं. गार पाण्याच्या पाइपांना घाम येत असेल तर फोमची नळी चढवा, स्वस्तात काम होतं.

फॉइलची मागची बाजू ओली निघाली किंवा भिंतीला पांढरा लोणा, म्हणजे क्षाराचा थर, दिसला तरी लगेच खणायचं नाही. पाऊस पडताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा, छपराच्या कडेचं गटर तुंबून भिंतीवरून पाणी ओघळतंय का, खाली येणारा पाइप पायाशीच पाणी ओततोय का बघा, त्याला जोड देऊन पाणी 5-6 फूट लांब सोडा, आणि माती अशी भरा की पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार घराकडून बाहेर जाईल. इतकं करूनही पाऊस पडला की ओल येतेच असं दिसलं तर मग ड्रेनचा विचार करा, तेव्हाही दोन-तीन कोटेशन घ्या.

मखराचे पुठ्ठ्याचे खोके फेकूनच द्या, पुठ्ठ्यातली बुरशी जात नाही. थर्माकोल मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा, दिवसभर उन्हात ठेवा आणि झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यांत भरून भिंतीपासून वीतभर लांब, रॅकवर ठेवा, थेट काँक्रीटवर नको. गणपतीला अजून वेळ आहे, तोवर वास नक्की जाईल.