टीव्हीवरची सुपरकिक आणि क्लासमधली साइड किक एकच का?

ताई, तुमचा मुलगा मानकापूरच्या क्रीडा संकुलात तायक्वांदो शिकतो आणि घरी टीव्हीवरच्या रेसलिंगमधली सुपरकिक मारून बघतो. ती क्लासमधलीच साइड किक का, असं तुम्ही विचारलंय. घडण जवळपास तीच, काम मात्र वेगळं.

तायक्वांदोत साइड किकला ‘योप चागी’ म्हणतात. आधी गुडघा छातीकडे ओढायचा, मग कंबर वळवत पाय सरळ रेषेत ढकलायचा. मार टाचेने किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेने. खरी गोम जमिनीवरच्या पायात आहे. तो चवड्यावर फिरून त्याची टाच समोरच्याकडे वळली पाहिजे. नाही वळली तर कंबर उघडत नाही, जोर निघत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मी पोट्ट्यांना सगळ्यात जास्त याच चुकीवर थांबवतो.

सुपरकिक अमेरिकन रेसलर शॉन मायकल्सने घराघरांत पोचवली. तिथे पाय समोरच्याच्या हनुवटीशी आवरता घेतात, आणि तो ‘फट्’ आवाज बहुतेकदा स्वतःच्याच मांडीवर मारलेल्या थापेचा असतो. मारणारा आणि खाणारा, दोघांचाही सराव झालेला असतो. म्हणून धाकट्या भावंडांवर ती अजिबात नको. (आपल्या मातीतल्या कुस्तीत तर लाथ चालतच नाही.)

घरी साइड किक भिंतीला हात टेकवून, सावकाश, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा करू द्या. फरशीवर मोजे घालून नको, पाय सटकतो. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात सकाळी सातच्या आत उरकायला सांगा.