आधी पाणी बघ, मग फळी

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगतो, आधी राग आला. तुझा नाही, त्या पोराचा. कळव्याच्या त्या एवढ्याशा गॅलरीत बसून तू सर्फिंगची फळी करायला प्लाय कापलास, कडा गोल केल्यास, जवसाचं तेल पाजलंस, आणि तो पोरगा फोटो बघून म्हणतो कपाटाचं दार घेऊन कुठे निघालीस, आणि तेवढ्यावर तू ईएमआयवर तीन फिनवाला, म्हणजे खाली माशासारखे तीन पर असलेला, बाहेरचा सर्फबोर्ड घ्यायचं बघतेस. तू हुशार आहेस, मेहनती आहेस वगैरे मी लिहीत बसणार नाही, ते तुला माहितीये. मला एकच विचारायचंय, तो बोर्ड तू कुठल्या पाण्यासाठी घेतेयस? त्या पोराच्या डोळ्यांसाठी की उरणच्या पाण्यासाठी?

आधी पाणी बघ, मग फळी. हे मी तुला भेटलो तेव्हा पण सांगितलं होतं, परत सांगतो, आणि या पत्रात अजून दोनचारदा सांगणार आहे, कंटाळलीस तरी चालेल.

आपल्या इथलं पाणी म्हणजे काय ते नीट समजून घे. मुंबईसमोर समुद्राचा तळ आत शेकडो किलोमीटरपर्यंत उथळ आहे. लांबून आलेली लाट एवढं अंतर तळाला घासत घासत येते आणि किनाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तिचा दम गेलेला असतो. म्हणून पावसाळा सोडला तर आपल्याकडे लाट बुटकी, सपाट, हळू, आणि बऱ्याचदा नुसता फेस. तुला जो बोर्ड हवाय तो अरुंद, पुढून वर उचललेला, त्याला चालायला उभी भिंतीसारखी लाट लागते, सपाट लाटेवर तो नाक वर करून बसून राहतो, आणि तू त्याच्यावर हात मारून मारून दमशील आणि मग म्हणशील मला सर्फिंग जमत नाही. तुला जमत नाही असं काही नसेल गं, वस्तू चुकीची असेल. रुंद, सपाट, पातळ फळी कमी वेगातच पाण्यावर उचलली जाते आणि घसरायला लागते. तुझी ती चार फुटी फळी, तिला पायपो म्हणतात हे तुला सांगायला नको, पोटावर झोपून फेसातून शंभर फूट सुसाट आली की चेहरा पाण्यापासून वीतभर वर असतो आणि जो वेग जाणवतो तो दुसऱ्या कशावर नाही जाणवत.

आणि मला हसू नको पण त्या तीन फिनच्या बोर्डाचीच गोष्ट बघ. सायमन अँडरसन नावाचा ऑस्ट्रेलियन, अंगाने मोठा गडी, त्या काळात सगळे दोन फिनच्या बोर्डामागे लागलेले, कारण मार्क रिचर्ड्स त्याच्यावर वर्ल्ड चॅम्पियन होत होता. याला तो बोर्ड झेपेना, मोठ्या लाटेत पायाखालून सटकायचा. तर यानं स्वतःच्या वजनासाठी, स्वतःच्या लाटांसाठी तिसरी फिन लावली आणि १९८१ ला ऑस्ट्रेलियातली बेल्सची सर्फिंग स्पर्धा जिंकली, प्रचंड लाटा होत्या त्या वर्षी. म्हणजे ज्याला आज सगळे "खरा बोर्ड" म्हणतात तोसुद्धा एका माणसानं आपलं पाणी आणि आपलं अंग बघून बनवलेला जुगाड होता. नंतर अख्ख्या जगानं तोच उचलला, पाणी न बघता. हीच माझी तक्रार आहे, बोर्डाबद्दल काही नाही.

त्याच्या आधी स्टीव्ह लिस, सॅन डिएगोचा, पोरगेलाच होता तेव्हा. १९६७ च्या सुमारास त्यानं गुडघ्यावर बसून चालवायला बुटका रुंद बोर्ड केला, मागे माशाच्या शेपटीसारखी खाच, आजही त्याला फिशच म्हणतात. टॉम मोरीनं १९७१ मध्ये हवाईत फोमचा तुकडा कापून त्याच्यावर वर्तमानपत्र ठेवून घरच्या इस्त्रीनं शेकला, तो बूगी बोर्ड. घरच्या इस्त्रीनं! आणि तू गॅलरीत प्लाय घासतेस याची तुला लाज वाटते?

जॉर्ज ग्रीनो तर हवा भरलेल्या मॅटवर झोपून लाटा घ्यायचा, आणि ट्यूना माशाची शेपटी बघून त्यानं जी लवचिक फिन केली तिचा उपयोग उभं राहून सर्फ करणाऱ्यांना पुढे कितीतरी वर्षं झाला. डेरेक हिंड एकेकाळी जगातल्या वरच्या खेळाडूंत होता, नंतर त्यानं फिनच काढून टाकल्या, नुसतं घसरत जायचं. या माणसांना कोणी मेडल दिलं नाही त्यासाठी. त्यांना ते पाण्यात कळत होतं, बस.

आता लाकडाचं. इथे मी थोडा वेळ घेणार. जुन्या हवाईत फळीला फिन नव्हतीच, पहिली फिन टॉम ब्लेकनं लावली १९३५ ला. त्याआधी पातळ लाकडी फळी म्हणजे अलाया, आणि सरदार लोकांची लांबच लांब फळी ओलो. ओलो कशाची करायचे माहितीये? विलीविली नावाच्या झाडाची, हलकं लाकूड म्हणून. आणि विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या कुळातलं झाड, वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती (जीनस) एकच, एरिथ्रिना. तोच पांगारा, जो फाल्गुनात लालभडक फुलतो आणि ज्याच्याखालून तू रोज स्टेशनला जात असशील. अलायासाठी ते लोक ब्रेडफ्रूटचं लाकूड पण वापरायचे, म्हणजे कोकणातला नीरफणस. मला हे कळलं तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही. आपण ईएमआय भरून बाहेरून मागवतो आणि ज्या लोकांनी ही विद्या काढली ते आपल्या परसातल्या झाडांच्या भाऊबंदांवर उभे होते. २००५ च्या आसपास टॉम वेगनर होनोलुलूच्या बिशप म्युझियममधल्या जुन्या फळ्या बघून आला आणि ऑस्ट्रेलियात नूसाला पावलोनियाच्या लाकडाच्या अलाया करायला लागला, तेव्हा कुठे जगाला परत आठवलं. त्याच २००५ च्या डिसेंबरात अमेरिकेत क्लार्क फोम नावाची कंपनी एका दिवसात बंद पडली, आणि तिथल्या बहुतेक बोर्डांचा आतला फोम तीच पुरवायची, त्यामुळे शेपर, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या लोकांचे हातपाय गळाले. ज्यांच्या हाताला लाकूड माहीत होतं त्यांचे नाही गळाले. पण एक इशारा, लगेच अलाया करायला धावू नकोस, ती माणसाला धड तरंगवत पण नाही, खांदे भरून येतात, आधी पायपोवर दोन हंगाम काढ.

एक गोष्ट मनात सलते ती सांगतो. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या बंदरावर एक म्हातारे सुतार होडीचं काम करायचे, हाताने फळी ठोकून आवाजावरून सांगायचे की ही पाण्यात टिकेल की नाही. मी जाता येता बघायचो, राम राम व्हायचा. कधी बसून विचारलं नाही की काका, हलकं आणि टिकणारं लाकूड आपल्याकडे कुठलं, पांगारा पाण्यात किती दिवस तग धरेल, काटेसावर तेल पाजून चालेल का. वाटायचं आहेत की, विचारू नंतर. आता ते नाहीत आणि त्यांच्या घरात कोणी रंधा धरत नाही. म्हणून तुला ओरडून सांगतोय की विचार, आत्ता विचार, करंजा, दिवाळे, कुठेही जा आणि कोळी माणसाशी बोल. पाणी बघायला तो तुला शिकवेल, कुठलाही व्हिडिओ नाही शिकवणार. मद्रासला बंदर नव्हतं तेव्हा कट्टुमरमवाले, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या तराफ्यावरचे कोळी, रोज फुटत्या लाटांमधून आत बाहेर करायचे, पोट भरायला. लाटेवरून येणं ही काही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट नाहीये.

तू विचारलंस की काका, तुम्हाला यातून मिळालं काय. माझा भाऊ पण हेच विचारतो, दर गणपतीला. प्रमोशन होतं, पुण्याला जायचं होतं, मी नाही म्हटलं, कारण पुण्याला समुद्र नाही. लोक म्हणाले याला वेड लागलंय, फळीसाठी नोकरीचं वाटोळं केलं. नाही केलं. घर चाललं, मुलगी शिकली, बायकोनं कधी तक्रार केली नाही, आणि केली असती तरी तिच्याशी बोलून काढला असता मार्ग. मी स्पर्धा खेळलो नाही, स्पॉन्सर नाही, पण मी ज्या ज्या फळीवर पाण्यात गेलो ती मी कापलेली होती आणि कुठे का अडते ते मला माहीत होतं, पुढच्या वेळी ते मी सुधारायचो. हे सुख पगारात मोजता येत नाही आणि ते भावाला पटवून द्यायची माझ्यावर सक्ती पण नाही. असो, विषय तुझा आहे.

तर कामाचं बोलू. मरीन प्लाय घे, आयएस ७१० चा शिक्का बघून, ६ मिलिमीटर. आठ बाय चारच्या एका शीटमधून चार फळ्या निघतात, म्हणजे तीन मैत्रिणी जमव, खर्च वाटून घ्या. पुढचं टोक उकळत्या पाण्यानं भिजवलेल्या कापडात गुंडाळून हळूहळू वर वाकव, क्लॅम्प लावून दोन दिवस तसंच सोड. कडा खालून जास्त गोल करू नकोस, मागच्या अर्ध्या भागात खालची कड थोडी धारदार राहू दे, फिन नाही तेव्हा तीच कड पाणी पकडते. मागच्या वेळी तुझी फळी आडवी सटकत होती ना, ती याच्यामुळे. आणि कापाच्या कडांना तेल जास्त पाज, प्लाय तिथूनच पाणी पितो.

उरणची लोकल २०२४ च्या जानेवारीत सुरू झाली हे तुझ्या पिढीचं केवढं नशीब आहे. ठाण्याहून ट्रान्स हार्बरनं नेरूळ, तिथून उरण, चार फुटी फळी काखेत मावते. सहा फुटी बोर्ड घेऊन संध्याकाळच्या गर्दीत ठाण्याची गाडी पकडून दाखव मला. पाणी बघ म्हणतो त्यात हे पण आलं, पाण्यापर्यंत पोचायचं कसं ते.

आणि पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. ज्या दिवसांत कोळ्यांच्या बोटी किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात त्या दिवसांत तू फळी घेऊन आत जायचं नाहीस, लाट कितीही चांगली दिसली तरी. यावर माझ्याशी वाद घालू नकोस. ऑक्टोबर उजाडू दे. फेब्रुवारीपासून दुपारी वारा सुटतो तेव्हा छोट्या छोट्या लाटा भरपूर मिळतात, त्या तुझ्या फळीच्या.

भरतीचा हिशोब तोंडपाठ कर, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी असल्यामुळे ओढ पण कमी. अमावस्या पौर्णिमेच्या उधाणाला नवशिक्यानं लांब राहायचं. उरणच्या पिरवाडीच्या किनाऱ्याला खडक आहेत, तिथे ओहोटीला एकदा नुसती चालून ये, खडक कुठे आहेत ते डोळ्यात साठव, मगच भरतीला आत.

फेब्रुवारीतल्या पहिल्या अष्टमीला मी दुपारी तीनला तिथे असेन, पाणी तेव्हा चढत असतं. तू ये, एकटी नको, पोहता येणारी एक तरी मैत्रीण आण, आणि तुझी फळी आण, तिची मागची कड आपण तिथेच कानशीनं नीट करू.

तुझा,
नेरूळचा काका