स्वभाव म्हणू नकोस

परवा फोनवर तू म्हणालीस, बाबांचा स्वभावच बदललाय, युद्धावरून परत आलेला माणूस ओळखूच येत नाही. तेव्हा मी गप्प बसलो, कारण लगेच बोललो असतो तर ओरडलोच असतो. म्हणून लिहितोय.

स्वभाव म्हणू नकोस. प्लीज. माझ्या दादाच्या बाबतीत आम्ही 11 वर्षं हाच शब्द वापरला. दार आपटलं की तो जमिनीवर आडवा व्हायचा, रात्रभर जागा, कुठेही गेला तरी पाठ भिंतीला आणि नजर दरवाज्यावर, आणि आम्ही काय म्हणायचो तर चिडका झालाय, माणूसघाणा झालाय. घरात पोरंबाळं झोपली की हा सगळ्या कड्या तीन तीनदा तपासणार आणि मी वैतागून म्हणणार, अरे झोप ना आता! त्याचं शरीर अजून तिथेच, युद्धावरच, ड्युटीवर होतं गं, तिथे त्या सावधपणामुळेच तो जिवंत राहिला, तो इथे येऊन कुणी स्विच बंद केल्यासारखा कसा बंद होईल?

नाव चुकलं की किती महाग पडतं बघ. पहिल्या महायुद्धात सैनिक थरथरायचे, वाचा जायची, त्याला 1915 मध्ये 'शेल शॉक' म्हणायला लागले, म्हणजे शब्द होता, तरी त्याच युद्धात पळून जाणं, भ्याडपणा असल्या आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने आपल्याच माणसांना गोळ्या घातल्या आणि त्यातले कितीतरी बहुधा आजारी होते. अशा 306 जणांना माफी मिळाली 2006 मध्ये. जवळपास नव्वद वर्षांनी! व्हिएतनामहून परतलेल्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी भांडभांड भांडून घेतलं तेव्हा कुठे 1980 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी, म्हणजे भयंकर आघातानंतर मनाला जडणारा आजार, आला. मोठमोठ्या सरकारांना जमलं नाही ते तुला लगेच जमावं असं मी म्हणत नाहीये, पण तुझ्याकडे आता शब्द आहे ना, मग वापर की तो.

आणि प्रत्येक वेळी भीतीच असते असं नाही. दादाला भीतीपेक्षा शरम जास्त होती. आपण वाचलो आणि शेजारचा गेला, किंवा आपण जे केलं ते आपल्यालाच पटत नाही, ही वेगळीच जखम असते. म्हणून 'तिथे काय झालं ते सांगा' म्हणून बाबांच्या मागे लागू नकोस, ते काम थेरपिस्टचं. तिथे ती आठवण हळूहळू, सुरक्षित जागी बसून, पुन्हा पुन्हा बोलून घेतात आणि त्याने खरंच फरक पडतो, खूप वर्षांनीसुद्धा पडतो. दारूने नाही पडत. दारूने झोप लागल्यासारखी वाटते आणि उलट आणखी बिघडते, हे मी घरात रोज बघितलंय.

झोपेत ओरडले तर हात लावून उठवू नकोस, लांबून नाव घेऊन हाक मार. आणि मरायचे विचार येतात का हे सरळ विचार. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. घरात हत्यार असेल तर आजच दुसरीकडे हलव, उद्यावर टाकू नकोस.

मी दादाला खोटं बोलून नेलं होतं, माझं चेकअप आहे, सोबत चल म्हणून. तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. अजूनही घरातले म्हणतात तू विश्वासघात केलास. केला असेल, पण 11 वर्षं त्याला चिडका म्हणत बसलो तो काय विश्वास होता? तेव्हा तो आतल्या आत संपत चालला होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन. तू मात्र खोटं बोलू नकोस, तुझ्याकडे अजून वेळ आहे, बाबा तुझ्याशी निदान जेवताना तरी बोलतात.

म्हणजे काय म्हणायचं? सरळ म्हण, बाबा, हा तुमचा स्वभाव नाहीये, तुम्हाला जखम झालीय, आपण दाखवूया. पहिल्यांदा ते उठून निघून जातील. जाऊ देत. आठवड्याने पुन्हा म्हण, तेच शब्द, आवाज न चढवता.

अपॉइंटमेंट मिळाली की मला कळव. मी येतो, बाहेर बाकावर बसेन, त्यांना सांगायचीही गरज नाही.