पीएचडीआधीचे सातशे तास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 34, पुण्यात मानसशास्त्रात एम.ए., कोथरूडच्या शाळेत सहा वर्षं समुपदेशक, नवरा आयटीत, मुलगी पाच वर्षांची. अमेरिकेत जाऊन समुपदेशनात थेट पीएचडी करायची आणि प्राध्यापक व्हायचं, जमेल का? मी त्याच वाटेने गेले. सध्या सुट्टीत आईकडे सदाशिव पेठेत आले आहे आणि पहाटे तीनला टक्क जागी आहे, तेव्हा सविस्तरच लिहिते.

थेट पीएचडीचं डोक्यातून काढा. तिकडे मानसशास्त्र आणि समुपदेशन ही दोन वेगळी घरं आहेत. परवाने वेगळे, संघटना वेगळ्या, बहुतेक ठिकाणी विभागही वेगळे. समुपदेशक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांना मान्यता देते ती केक्रेप, 1981 साली स्थापन झालेली. तिचा नियम असा की पूर्णवेळ मुख्य अध्यापकाची डॉक्टरेट समुपदेशक-शिक्षण या विषयातलीच हवी. 2013 च्या आधीपासून शिकवत असलेल्यांना तेवढी सूट. म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजीत उत्तम पीएचडी करून या नोकरीला अर्ज केलात, तर मान्यताप्राप्त विभागात गाडी तिथेच अडते. आणि त्या योग्य पीएचडीला प्रवेश हवा, तर आधी तिथल्यासारखी समुपदेशनातली मास्टर्स लागते.

ही मास्टर्स 60 क्रेडिटची. त्यात 100 तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा पहिला सराव, पैकी 40 तास खऱ्या माणसांसमोर. मग 600 तासांची इंटर्नशिप, पैकी 240 समोरासमोर. कोथरूडमधली तुमची सहा वर्षं यात धरत नाहीत, कारण हे तास अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, प्रशिक्षित पर्यवेक्षकाच्या नजरेखालीच व्हावे लागतात. मलाही हे फार लागलं होतं. इथे आठ वर्षं मुलं, पालक, मुख्याध्यापिका सगळ्यांना सांभाळून तिकडे पुन्हा बालवाडीत बसायचं!

पण पहिल्याच रोल-प्लेचं रेकॉर्डिंग बाईंनी चौथ्या मिनिटाला थांबवलं आणि विचारलं, ‘इथे तू काय केलंस?’ मी सल्ला दिला होता. चांगला, मुद्देसूद, पुणेरी सल्ला. आपल्या ‘समुपदेशन’ शब्दाच्या पोटातच उपदेश बसलाय, आणि पेठेत वाढलेल्या माणसाला तो न मागता द्यायची सवय असते. ती सवय मोडायला मला अख्खं एक सेमिस्टर लागलं. समोरचा गप्प झाला की आपण लगेच वाक्य भरतो. तिथे ती शांतता तशीच धरून ठेवायला शिकवतात. इंग्रजीची भीती तुम्हाला वाटतेय ती व्याकरणाची. खरी अडचण वेगळी आहे: कुणी ‘आय ॲम फाइन’ म्हणालं, तर त्यातलं कुठलं फाइन खोटं, हे कानाला कळायला वर्षं जातात. आपल्याकडे ‘ठीक आहे हो’ यातला तो ‘हो’ आपण जन्मापासून ऐकत असतो.

पीएचडी म्हणजे त्यावर आणखी किमान 48 क्रेडिट आणि पुन्हा 600 तास. अभ्यासक्रमात समुपदेशन, पर्यवेक्षण, अध्यापन, संशोधन, नेतृत्व असं सगळं येतं. मास्टर्सचे पैसे बहुधा स्वतःचेच; पीएचडीला असिस्टंटशिप, म्हणजे विभागात शिकवण्या-संशोधनाचं अर्धवेळ काम, मिळाली तर फी माफ होऊन वर थोडं विद्यावेतन.

नोकरी कशी असते? माझा पगार नऊ महिन्यांचा आहे, उन्हाळा आपला आपण. सत्राला तीन विषय, शोधनिबंध, समित्या, आणि सहाव्या वर्षी टेन्युअरची, म्हणजे कायम नेमणुकीची, फाईल, जी मंजूर झाली नाही तर गाशा गुंडाळायचा. पण आठवड्यातला निम्मा जीव जातो विद्यार्थ्यांची रेकॉर्डिंग ऐकण्यात. आता चौथ्या मिनिटाला थांबवणारी मी असते. एखाद्याला ‘हे काम तुझ्यासाठी नाही’ असंही सांगावं लागतं, त्याची नोंद ठेवावी लागते, आणि त्या रात्री जेवण जात नाही.

व्हिसाचं नीट ऐका. एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, इंटर्नशिपला सीपीटी ही शिकतानाच्या कामाची परवानगी लागते. पदवीनंतर काम करायची परवानगी, ओपीटी, 12 महिन्यांची; इंजिनिअरांना मिळतात ते जादा 24 महिने समुपदेशनाला सहसा नाहीत. परवान्याचे पर्यवेक्षित तास मात्र राज्याराज्यात वेगळे, पुष्कळ ठिकाणी दोन ते चार हजार. एका वर्षात ते बसवणं अवघडच. म्हणून पीएचडी करायची असेल तर मास्टर्सच्या शेवटच्या वर्षातच अर्ज करा. विद्यापीठाच्या नोकरीतल्या एच-1बी या कामाच्या व्हिसाला वार्षिक कोट्याची मर्यादा नसते, हा त्यातला दिलासा; पण नियम बदलत असतात, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. आणि हे आजच घरी बोला: एफ-2 वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, मुलगी शाळेत जाऊ शकेल, नवऱ्याला नोकरी करता येणार नाही. पाच-सहा वर्षं. आमच्याकडे हा विषय विमानात निघाला होता.

अर्जाच्या निबंधात ‘मला लोकांना मदत करायला आवडतं’ असं लिहू नका, सगळेच लिहितात. तुम्ही दहावीच्या मुलांच्या कलचाचण्या घेता, ते लिहा. अमेरिकेतला हा व्यवसाय मुळात तिथूनच निघाला: 1908 साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्सने तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं कार्यालय काढलं. मुलाचा कल चित्रकलेकडे आणि आई-बाबा-आजी तिघं मिळून सायन्सचा फॉर्म घेऊन आलेत, अशा खोलीत तुम्ही काय करता, हे त्यांना वाचायचं असतं. त्यांच्याकडे ती आजी खोलीत येत नाही.

एम.ए.च्या प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम शिक्क्यानिशी आणि सीलबंद ट्रान्सक्रिप्टचे चार-पाच संच पुण्यात असतानाच काढून ठेवा. माझे राहिले होते. वडिलांनी उन्हात खेपा घातल्या. मी 20 तारखेपर्यंत इथे आहे, निबंधाचा कच्चा खर्डा तोवर झाला तर पाठवा.