रिसेल फ्लॅटच्या मालकाला किंमत न वाढवता आपली ऑफर कशी पटवावी?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडचा टू बीएचके पसंत आहे, मालक 1 कोटी 10 लाख म्हणतात, तुमची धाव 1 कोटी 4 लाखांपर्यंत आणि आणखी एक पार्टी मागे लागलीय. मी पुण्यात रिसेलचे व्यवहार करून देतो. एजंटने खरं तर "वाढवा किंमत" म्हणायला हवं, दलाली टक्क्यावर असते. पण मालकाला धास्ती वेगळीच असते: हे टोकन देतील, दोन महिने घर अडकवतील आणि मग म्हणतील, बँकेने लोन कमी दिलं.

म्हणून बोलणी करण्याआधी लोनचं सँक्शन लेटर (बँकेचं मंजुरीपत्र) हातात ठेवा. 75 लाखांवरच्या लोनला बँक घराच्या मूल्याच्या 75 टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे 1 कोटी 4 लाखांवर जास्तीत जास्त 78 लाख. उरलेले 26 तुमचे, वर 7 टक्के स्टँप ड्युटीचे सव्वासात लाख (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट) आणि नोंदणीचे 30 हजार. हे साडेतेहतीस लाख तयार आहेत, हे मालकाला दाखवा. 1 टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, त्यांच्या रकमेतून कापून त्यांच्याच पॅनवर भरला जाईल, हेही आधीच सांगा. नाहीतर नोंदणीच्या दिवशी त्यावरून तोंडं वाकडी होतात. मालक परदेशी राहत असतील तर टीडीएसचा हिशोब पूर्ण वेगळा, तिथे सीए गाठाच.

मग विचारा, घर का विकताय? माझे बरेचसे व्यवहार या प्रश्नाच्या उत्तरावर जुळलेत. त्यांना दुसरं घर घ्यायचं असेल तर सामान कुठे हलवायचं हीच त्यांची अडचण. जवळपास पूर्ण पैसे घेऊन तीन महिने इथेच राहा म्हणा, फक्त तीन-चार लाख ताबा मिळेपर्यंत मागे ठेवा आणि ते साठेखतात (विक्रीच्या करारात) लिहून घ्या. घरावर त्यांचं लोन बाकी असेल तर मूळ कागद बँकेत अडकलेले असतात. फोरक्लोजर लेटर, म्हणजे लोन फेडायला किती बाकी हे सांगणारं बँकेचं पत्र, मागवून तुमच्या बँकेचा चेक थेट तिकडे जाईल अशी सोय करून द्या. ही धावपळ दुसरी पार्टी सहसा अंगावर घेत नाही.

मालक गुंतवणूकदार असेल आणि आत भाडेकरू असेल तर करार संपेपर्यंत त्याला ठेवायची तयारी दाखवा, डिपॉझिट किमतीतून वळतं करा. रिकामं घर दाखवत बसण्यातले महिने त्याला नको असतात.

सोसायटीची ट्रान्सफर फी पूर्ण तुम्ही भरा. महापालिका हद्दीत ती 25 हजारांपुढे घेता येत नाही. रक्कम छोटी, पण वाद टळतो.

"थोडे रोख द्या" म्हणाले तर मात्र नाही म्हणा. 20 हजार किंवा जास्त रोख घेतल्यास घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, त्यांनाच हे सांगा. टायटल सर्चही (मालकीच्या कागदांची तपासणी) सोडू नका, फक्त वकिलाकडून आठ दिवसांत उरकून घ्या. टोकन चेकने द्या, हवं तर दोनाचे चार लाख करा. पण कागदात दोष निघाला तर पैसे किती दिवसांत परत, हे इसारपावतीवर, म्हणजे टोकनच्या पावतीवर, हवंच.